आजारी पडण्याची परवानगी

पुण्यात २०२५च्या जानेवारीत गुलियन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या जीबीएसचे, रुग्ण भराभर सापडू लागले तेव्हा सगळी चर्चा सिंहगड रस्त्याभोवती फिरली. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला आणि त्या भागाला पाणी पुरवणारी विहीर. यात चूक काही नव्हती, सर्वाधिक रुग्ण पुणे महापालिकेत नव्याने आलेल्या त्याच गावांतले होते. पण साथ ओसरताना जो हिशेब पुढे आला त्यात एकूण २२५ रुग्णांपैकी ३३ पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतले आणि ३७ पुणे ग्रामीणमधले होते. एकंदर १२ जण दगावले. सिंहगड रस्त्याच्या गलबल्यात या सत्तर जणांकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

सिंहगड रस्त्याने आपल्याला पाण्याचा धडा दिला. भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्याकडून शिकायचा धडा वेगळा आहे: गंभीर आजार ओळखायचा कुणी, आणि कधी? माझे म्हणणे असे की या पट्ट्यात आजार उशिरा ओळखला जातो तो लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. आजारी पडायची मुभा नसलेली माणसे इथे हजारोंनी राहतात, हे त्याचे मोठे कारण आहे. दर साथीत आपण ‘जनजागृती’ नावाचे औषध काढतो. ते चुकीच्या माणसाला पाजले जाते.

आधी आजाराविषयी. जुलाब होतात, पोट दुखते, दोन-चार दिवसांत बरे वाटते. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. या जुलाबांमागे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू असेल, तर साधारण हजारात एखाद्याची गोष्ट पुढे सरकते. (पुण्यातल्या साथीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला हाच जिवाणू सापडला होता.) या जिवाणूच्या बाह्य आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीराने जिवाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे मग स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जातात. हे घडते जुलाब थांबल्यावर आठवड्या-तीन आठवड्यांनी, म्हणजे माणूस जुलाब विसरून कामावर रुजू झालेला असतो तेव्हा. तळपायांना मुंग्या येतात, पाय जड होतात, अशक्तपणा दोन्ही बाजूंनी सारखा वर चढत जातो. काहींची कंबर विलक्षण दुखते. मग हात, चेहरा, गिळणे, आणि साधारण चौघांपैकी एकाच्या बाबतीत श्वास. तिथे व्हेंटिलेटर मिळाला, प्रतिपिंडांची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार वेळेत सुरू झाला, तर बहुतेक लोक सहा महिन्यांत पुन्हा स्वतःच्या पायांवर चालू लागतात. उपचार नसलेला हा रोग नाही. याला घड्याळ मात्र आहे. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेल्या उपचाराचा उपयोग सर्वात जास्त, आणि श्वासाचे स्नायू दमले तर हातात उरतात ते तास.

आता हे घड्याळ चाकणमधल्या एका खोलीत नेऊन ठेवू. लातूर, परभणी, बुलढाणा, नाहीतर थेट बिहारमधून आलेली चार-पाच पोरे एका खोलीत राहतात. कुणाची पहिली शिफ्ट, कुणाची नाईट, त्यामुळे एकाच गादीवर दोघे पाळीपाळीने झोपतात. त्यातल्या एकाला मंगळवारी पायांत मुंग्या आल्या. त्याच्याजवळ या मुंग्यांची पाच-सहा स्वस्त स्पष्टीकरणे तयार असतात. बारा तास उभ्याने काम. सेफ्टी शूज घट्ट. रात्री झोप नाही. थंडी. ‘बी-ट्वेल्व्ह’ कमी असेल. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावतात, लाल इंजेक्शन देतात, बरे वाटल्याचा भास होतो. कधी त्यात स्टिरॉइडही असते. जीबीएसमध्ये नुसत्या स्टिरॉइडने फायदा होत नाही हे चाचण्यांतून केव्हाच सिद्ध झाले आहे. बुधवारी त्याला खोलीच्या सामाईक संडासात बसल्यावर भिंतीला धरून उठावे लागते. वैद्यकीयदृष्ट्या हा मुंग्यांपेक्षा कितीतरी मोठा इशारा, कारण मुंग्या शंभर कारणांनी येतात आणि ऊठबस न जमण्याची कारणे थोडी. पण हा इशारा पाहायला तिथे कुणी नसते आणि कुणाला सांगावा असाही तो नसतो. गुरुवारी कंपनीच्या बसची पायरी चढताना तो अडखळतो. तरीही जातो. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो, शिवाय महिन्याचा हजेरी भत्ताही जातो, आणि ठेकेदाराच्या वहीत नावापुढे एक खूण येते.

इथे जनजागृतीचा फलक लावून काय होईल? ‘हातापायांत मुंग्या आल्यास डॉक्टरांना भेटा’ हे वाचून तो उद्या भेटेल. उद्या म्हणजे आठवडी सुट्टीच्या दिवशी.

गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की बिघाड ताबडतोब ओळखण्याची जगातली एक उत्तम व्यवस्था याच पट्ट्यात रोज वापरात आहे. चाकणच्या वाहन कारखान्यांत असेंब्ली लाईनवरच्या कामगाराला दोष दिसला की दोरी ओढायची किंवा बटण दाबायचे, दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो, गरज पडली तर लाईन थांबते. दोष पुढे जाऊ देण्यापेक्षा लाईन थांबवणे स्वस्त, हे तत्त्व उद्योगाने मनापासून स्वीकारले आहे. ते बटण दाबणाऱ्याला कुणी ‘नाटक करतो’ म्हणत नाही. त्याच कामगाराच्या हातातून स्क्रू निसटू लागले तर मात्र पहिला संशय त्याच्या कामावर जातो, दुसरा दारूवर.

‘नाटक’ या आरोपाचा सोक्षमोक्ष लावणारे साधन, म्हणजे प्रतिक्षेप तपासायची छोटी हातोडी, शंभर-दोनशे रुपयांत मिळते. १९१६ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, जॉर्ज गुलियन, जाँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले ते दोन सैनिकांच्या आधारे. युद्धात सैनिक ‘पायांत जोर नाही’ म्हणाला की त्याच्यावर कामचुकारपणाचा संशय येणे ओघानेच आले. या डॉक्टरांनी रुग्णाचे प्रतिक्षेप तपासले, पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले आणि दाखवून दिले की हा खराखुरा आजार आहे. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो की नाही, हे कुणालाही सहजी खोटे करून दाखवता येत नाही. सुरुवातीला काही रुग्णांत प्रतिक्षेप शाबूत असतात, तेव्हा ‘पाय उडाला, म्हणजे काही नाही’ असा उलटा निष्कर्ष काढू नये. पण अशक्त पाय आणि न उडणारा गुडघा एकत्र दिसले तर पुढचा विचार करत बसायचे कारण उरत नाही.

ही हातोडी किती कारखान्यांच्या वैद्यकीय खोलीत सापडेल? १९४८च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम सक्तीची केली, दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटीही. त्यामागची कल्पना जखमेची होती: बोट कापले, डोळ्यात कचरा गेला, भाजले. कायदा झाला त्या काळाला ते साजेसेच होते. पण आजही ती खोली जखमेचीच वाट पाहत बसते, आणि पाचशेच्या आतल्या छोट्या पुरवठादार कारखान्यांत, जिथे मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग बनतात आणि ठेक्यावरची माणसे जास्त असतात, तिथे तीही सक्ती नव्हती. मोठ्या कंपनीच्या कायम कामगाराला जे मिळते ते रस्त्याच्या पलीकडच्या शेडमधल्या ठेकेदाराच्या माणसाला मिळत नाही. दोघांचे मज्जातंतू मात्र सारखेच.

जिथे खोली आहे तिथेही एक नवा धोका आहे. कोविडनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सगळीकडे आले. ‘ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे, काही नाही, जा’ असे म्हणणे सोपे झाले. जीबीएसमध्ये बिघडते ते फुप्फुस नाही, त्याला हलवणारे स्नायू बिघडतात, आणि ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी पडतो. तोवर वेळ गेलेली असते. त्याऐवजी रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला सांगावे. विसापर्यंतही पोचत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, तर तो सरळ अतिदक्षता विभागाचा रुग्ण आहे. यासाठी विजेचीसुद्धा गरज नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. जीबीएस एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. एवढ्या दुर्मीळ आजारासाठी सगळा औद्योगिक पट्टा कामाला लावायचा? शिवाय साथीच्या दिवसांत भीतीने मुंग्यांचे रुग्ण रांगा लावतात आणि खरा रुग्ण त्या रांगेत हरवतो. मान्य. पण मी जीबीएससाठी वेगळी व्यवस्था मागत नाही. ‘आज कालच्यापेक्षा वाईट आहे का? बसल्यावर न धरता उठता येते का? बोलणे, गिळणे, शुद्ध ठीक आहे का?’ एवढे प्रश्न विचारायची सवय लागली तर तिच्या जाळ्यात बरेच काही सापडते. अर्धांगवायूत एका बाजूचा हात खाली पडतो, तोंड वाकडे होते, आणि तेही अचानक. तिथे रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मेंदुज्वरात तापाबरोबर मान आखडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. जंतुसंसर्ग रक्तभर पसरला की श्वास जलद होतो, लघवी कमी होते, तोल जातो. प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि तापात बरळणारा, झोकांड्या खाणारा, अंगावर कंपनीचा गणवेश नसलेला मजूर रस्त्याकडेला सापडला, तर आपल्याकडचा पहिला निष्कर्ष काय असतो? ‘टाकलेली दिसतेय.’ रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाने हे एक वाक्य उच्चारले की पुढची सगळी औषधे निरुपयोगी होतात. या एका समजुतीने या पट्ट्यात नेमके किती जीव घेतले हे कुठल्याही नोंदवहीत सापडणार नाही, पण ती रोजच्या बोलण्यात किती सहज येते हे कुणीही ऐकून पाहावे.

ओळख पटवण्यासाठी मोठे शहर लागते असेही नाही. चाकणहून नाशिककडे निघाले की जुन्नर तालुक्यातले नारायणगाव लागते. तिथे डॉ. सदानंद राऊत यांनी अनेक वर्षे सर्पदंशावर काम केले आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना नगण्य, खूण सापडेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. नवख्या डोळ्याला हा अर्धांगवायू वाटतो. जीबीएस बहुधा पायांतून वर चढतो आणि मण्यारीचे विष पापण्यांतून खाली उतरते, एवढा फरक कळला तरी सर्पविषावरचे प्रतिविष की प्रतिपिंडांची इंजेक्शने, हे ठरते. तालुक्यातल्या एका गावात हे ज्ञान रुजले, कारण तिथे पापणी जड झालेल्या शेतमजुराचे ऐकून घेणारे कुणीतरी होते. चाकणच्या खोल्यांतही माणसे जमिनीवरच झोपतात, आणि भोवतालची शेते अजून पुरती संपलेली नाहीत.

पाण्याविषयी थोडेच बोलतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. पिंपरी-चिंचवडला २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येते. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात आंदोलक शेतकऱ्यांवर झालेल्या गोळीबारात तीन जीव गेल्यानंतर वर्षानुवर्षे अडून राहिली. शहर नदीतून, रावेतच्या बंधाऱ्यावरून पाणी उचलत राहिले. खंडित पुरवठ्यात वाहिनीतला दाब पडतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी गळतीतून आत ओढले जाऊ शकते. मग पिंपात साठवण, टँकर, खासगी आरओचे जार. पाणी उकळले की कॅम्पिलोबॅक्टर मरतो, चिकन नीट शिजवले तरी मरतो. पण खोलीत एकच सिलिंडर, तोही ब्लॅकने घेतलेला असताना पिण्याचे पाणी रोज उकळा हा सल्ला कोण पाळणार?

माझ्या मते खरी अडचण हद्दींची आहे. २०२५च्या जानेवारीत सरकारने मोफत उपचार जाहीर केले ते असे: पुणे महापालिका हद्दीतल्यांसाठी कमला नेहरू रुग्णालय, पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांसाठी संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, आणि ग्रामीण भागासाठी ससून. निर्णय चांगलाच होता. तातडीने घेतला हेही खरे. पण नकाशा पाहा. चाकणची गावे ग्रामीणमध्ये मोडतात. चाकणहून ससूनला निघालेली रुग्णवाहिका पुणे-नाशिक रस्त्याने नाशिक फाट्यावर येते आणि वायसीएम तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ते ओलांडून तिने पुढे पुण्याच्या गर्दीत शिरायचे. प्रत्यक्षात वायसीएममध्ये खेड, मावळ, जुन्नरचे रुग्ण येतात आणि दाखलही होतात, म्हणजे डॉक्टरांनी हद्द केव्हाच ओलांडली आहे; कागद अजून मागे आहे. आणि मोशीत राहून खराबवाडीत काम करणारा, म्हाळुंग्याच्या ठेकेदाराच्या पटावर असलेला आणि आधारकार्डावर वाशिमचा पत्ता असलेला माणूस नक्की कुणाचा? त्याला भोवळ आली ती तळेगाव चौकाच्या कोंडीत, संध्याकाळी शिफ्ट सुटताना. १०८ची गाडी बोलावली तरी तिलाही त्याच कोंडीतून यायचे आहे. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणजे सर्वसाधारणपणे तीस खाटांचे. देशातल्या सर्वात मोठ्या वाहन उद्योग केंद्रांपैकी एक असलेल्या गावाला त्या मापात बसवणे हा नियोजनाचा विनोद आहे.

पैशाचे गणित याहून कडू. प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांचा प्रमाणित डोस रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. साथीच्या दिवसांत एका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनते, ते एकदम स्वस्त होणार नाही. प्लाझ्मा बदलण्याचा उपचार तितकाच गुणकारी आहे हे १९९२च्या डच अभ्यासापासून माहीत आहे. ढाक्यातल्या डॉक्टरांनी तर यंत्राशिवाय, थोडा-थोडा प्लाझ्मा काढून बदलण्याची स्वस्त पद्धत आजमावून पाहिली. वायसीएमसारख्या ठिकाणी असा मार्ग कायमचा उपलब्ध असायला हवा, साथ येवो न येवो.

कामगाराच्या हाती कामगार राज्य विमा आहे. दरमहा एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू होतो. चिंचवडला मोहननगरमध्ये त्याचे रुग्णालयही आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर हक्क सुरू होतो तो पुढच्या जानेवारीत. ठेकेदार सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतो तेव्हा ही साखळी कुठेतरी तुटते. व्हेंटिलेटरवरून सुटलेल्याला पुन्हा जिना चढायला कित्येक महिने लागतात. ज्याची साखळी शाबूत आहे त्यालाही ९१ दिवस पुरत नाहीत. आता हा हिशेब डोक्यात असलेला माणूस मंगळवारच्या मुंग्या कुणाला सांगेल? तो गप्प बसतो याला आपण अज्ञान म्हणतो. मला ते चोख व्यवहारज्ञान वाटते, आणि तेच त्याच्या जिवावर उठते.

म्हणून अपेक्षा रुग्णाकडून कमी आणि इतरांकडून जास्त ठेवावी. कारखान्यांच्या संघटनांनी आपल्या पुरवठादारांनाही बांधील धरून एवढा नियम करावा: पायांत जोर नाही, बोलणे अडखळते, तापात बरळतो, यांपैकी काहीही असले तर त्या दिवशी रुग्णालयात पाठवलेल्या माणसाचा खाडा धरायचा नाही, मग निदान काहीही निघो. दहांपैकी नऊ जण साध्या थकव्याचे निघतील. ते नऊ दिवस कंपनीच्या खात्यावर टाकावेत. एका थांबलेल्या लाईनच्या तासापेक्षा ते स्वस्त पडतात. वैद्यकीय खोलीत एक हातोडी ठेवावी आणि परिचारिकेला ती वापरायला शिकवावी. चाकणच्या रुग्णासाठी वायसीएम हे अधिकृत ठिकाण करावे, आणि चाकणमध्येच व्हेंटिलेटरच्या खाटा असलेले रुग्णालय उभारावे.

आणि सुपरवायझर असाल, ठेकेदार असाल, खोलीमालक असाल, तर तुमच्यासाठी एवढेच. पोरगा कालपेक्षा आज जास्त अडखळतोय असे दिसले तर सलाईनच्या दवाखान्यात नेऊ नका. त्याला एका दमात वीस आकडे म्हणायला सांगा, १०८ला फोन करा आणि ज्या रुग्णालयात नेताय तिथे आधी विचारा, व्हेंटिलेटर मोकळा आहे का.